नागपूरकर भोसल्यांचा जळालेला राजवाडा : इतिहासलेखनाची एक चिकित्सा

नागपूर शहराच्या ज्या भागास आज आपण महाल म्हणतो, त्या भागास हे नाव ज्या राजवाड्यामुळे मिळाले तो राजवाडा १८६४ साली जळाला. इंपीरियल गॅझेटियरच्या नागपूरविषयक नोंदीत या घटनेस एक वाक्य मिळाले आहे. काळ्या दगडात बांधलेली व विपुल कोरीव लाकडीकामाने सजविलेली ही वास्तू त्या वर्षी जळून गेली आणि तिचा नगारखाना तेवढा उरला, असा त्या वाक्याचा आशय आहे. बांधकामाचा दगड, सजावटीचे लाकूड, आगीचे वर्ष आणि उरलेला अवशेष अशा चार गोष्टी त्यात आल्या आहेत. वाड्यात कोण राहत होते, आग लागली तेव्हा तो कोणाच्या मालकीचा होता आणि त्यापूर्वीच्या दहा वर्षांत त्याच्या आत काय घडले, हे प्रश्न त्या वाक्यात येत नाहीत. नंतरच्या लेखनातही बहुधा याच वाक्याची पुनरावृत्ती आढळते.

प्रस्तुत लेखात राजवाड्याचा संपूर्ण इतिहास सांगण्याचा हेतू नाही. राजवाड्याचा नाश कशा रीतीने सांगितला गेला आणि त्या सांगण्यामुळे काय झाकले गेले, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे. राजवाडा ही इमारत १८६४ साली नष्ट झाली, हे खरे आहे. परंतु राजवाडा ही संस्था त्यापूर्वीच, १८५४-५५ मध्ये, कागदावर आणि लिलावाच्या चौथऱ्यावर मोडण्यात आली होती. गॅझेटियरने पहिली घटना 'प्रेक्षणीय इमारती' या सदरात नोंदविली आणि दुसरी 'राजकीय इतिहास' या सदरात. ही विभागणी इतिहासकारांनी तपासून न पाहता स्वीकारल्यामुळे एकाच घराच्या विनाशाच्या दोन कथा झाल्या.

इंग्लंडमध्ये सरदार-जमीनदारांच्या पडक्या वाड्यांचे इतिहास लिहिण्याची एक प्रदीर्घ परंपरा आहे. व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी ही योजना १८९९ साली सुरू झाली. तिच्या खंडांतून गावोगावच्या जहागिरी आणि त्यांचे वाडे यांच्या मालकीची परंपरा पिढ्यानपिढ्या मांडलेली आढळते. ससेक्समधील काउड्री येथील वाडा हे या परंपरेतील एक लक्षणीय उदाहरण होय. सोळाव्या शतकात उभारलेल्या या वाड्यात १५९१ साली पहिल्या एलिझाबेथ राणीचा मुक्काम झाला होता. दुरुस्तीचे काम चालू असताना २४ सप्टेंबर १७९३ रोजी तो जळाला. त्याच सुमारास त्याचा तरुण मालक ऱ्हाईन नदीत बुडून मरण पावला. या दोन दुर्घटनांची गाठ पुढे एका शापाशी घालण्यात आली. बॅटल येथील मठ बळकावणाऱ्या पूर्वजास एका मठवाश्याने, तुझा वंश अग्नी आणि पाणी यांनी संपेल, असा शाप दिल्याची ही दंतकथा आहे. सेंट जॉन होप याने १९१९ मध्ये या वाड्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि बांधकामाचे टप्पे भिंतीभिंतींवरून उलगडले. तरीही सामान्य प्रवाशाच्या स्मरणात राहतो तो शापच. शापाची कथा सोयीची असते. तिच्यामुळे मालकी, कर्ज, वारसा आणि दुरुस्तीतील निष्काळजीपणा यांचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

हे उदाहरण येथे घेण्याचे प्रयोजन केवळ तुलनेचे नाही. नागपूरच्या राजवाड्याच्या बाबतीतही अशीच एक सोयीची कथा तयार होण्याजोगी सामग्री उपलब्ध आहे. तिच्याकडे पुढे वळता येईल. त्याआधी इमारतीचा विचार केला पाहिजे, कारण इंग्रजी वाड्याचा अवशेष आणि मराठी वाड्याचा अवशेष यांत मूलभूत फरक आहे आणि तो बांधकामातूनच निर्माण होतो.

बंगालहून १७९० साली नागपुरास आलेल्या लेकी या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रवासवृत्तात राजवाड्याचे वर्णन येते. बांधकाम मुधोजी भोसल्यांनी आरंभिले होते आणि त्यांचे पुत्र दुसरे रघूजी ते पुरे करीत होते. दगड निळसर काळा होता. शहरात नजरेत भरण्याजोगी इमारत हीच, असे लेकीचे मत पडले. मात्र दगडाबरोबर विटांचे काम मिसळल्यामुळे निव्वळ दगडाने जी भव्यता आली असती ती नाहीशी झाली, अशी त्याची तक्रार आहे. ही तक्रार उद्‌बोधक आहे. जोते व खालचा भाग दगडाचा, वर विटांचे काम आणि सर्व भार पेलणारा लाकडी सांगाडा ही मराठी वाड्याची प्रचलित रचना होती. पुण्याच्या शनिवारवाड्यातही तीच दिसते. लेकीने ज्यास दोष मानले ती वस्तुतः त्या वास्तुप्रकाराची रीत होती. दगडी भिंती छपरापर्यंत नेणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला ती अर्धवट वाटली, यात नवल नाही. नवल वाटते ते आपल्याकडील लेखकांचे. त्यांनीही काळ्या दगडाचा उल्लेख प्रथम आणि लाकडाचा उल्लेख अलंकार म्हणून केला. वाड्यात लाकूड हा अलंकार नसतो. खांब, तुळया, कडीपाट आणि जिने लाकडाचे असतात. कोरीव काम त्यांच्यावर केलेले असते, पण इमारत उभी राहते ती त्यांच्या बळावर.

म्हणून आगीचा परिणामही निराळा होतो. दगडी भिंतींचे इंग्रजी घर जळाले की छप्पर आणि तक्तपोशी जाते, भिंती उभ्या राहतात आणि खिडक्यांच्या रिकाम्या चौकटींतून आकाश दिसू लागते. काउड्री आजही अशाच अवस्थेत पाहावयास मिळते. चित्रकारास आणि कवीस हा अवशेष प्रिय असतो. मराठी वाडा जळाला म्हणजे सांगाडाच जातो. वरचे मजले विटांसह कोसळतात आणि मागे जोते, तट व दरवाजा उरतो. २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्याचे हेच झाले. नागपुरात नगारखाना उरल्याची गॅझेटियरमधील नोंदही या नियमास धरूनच आहे. ज्या घराचा राहता भाग पूर्णपणे नाहीसा होतो आणि फक्त प्रवेशद्वार उरते, त्याचा इतिहास 'रम्य अवशेष' म्हणून लिहिताच येत नाही. येथे भिंती वाचण्याचा मार्ग बंद असल्याने कागद वाचावे लागतात.

परंतु कागद कोठे आहेत, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासाची जी प्रमुख साधने आज अभ्यासकांच्या हाती आहेत, त्यांतील बरीचशी इतरांच्या घरी जपली गेलेली आहेत. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी डेक्कन कॉलेजतर्फे १९५४ पासून जी नागपूरविषयक मराठी पत्रे प्रसिद्ध केली, ती वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणिसांच्या दप्तरातील होती. नागपूर दरबारात काय चालले आहे हे पुण्यास कळावे म्हणून लिहिलेली ही पत्रे आहेत. यादव माधव काळे यांनी पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारातून नागपूरविषयक खंड संपादित केला आणि पुढे हरेंद्रनाथ सिन्हा यांच्या संपादनाखाली नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांचे खंड निघाले. हा सर्व पत्रव्यवहार इंग्रज वकिलातीचा आहे. खुद्द घराण्याची म्हणून ओळखली जाणारी काशीराव राजेश्वर गुप्ते यांची बखरदेखील रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्या सांगण्यावरून लिहिली गेली. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली, डिसेंबरात नागपूर पडले, पुढील वर्षी आप्पासाहेबांना पदच्युत करण्यात आले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने जेन्किन्स राज्यकारभार पाहू लागला. ज्याने घराण्याची सत्ता मोडली त्यालाच त्या घराण्याची कुळकथा हवी होती. बखरकाराने ती प्रामाणिकपणे लिहिली, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र प्रश्न कोणाचा होता हे ठाऊक असले म्हणजे उत्तर कोठे लांबते आणि कोठे आखडते, हे वाचकास अधिक स्पष्ट दिसते. घराण्याचा उदय, स्वाऱ्या, वारसाहक्क यांत बखर रमते. घरातील दैनंदिन व्यवस्थेकडे ती क्वचितच वळते.

जेन्किन्सचा १८२७ मध्ये छापलेला अहवाल या दृष्टीने अधिक फलदायी आहे. जमाबंदी, जाती, व्यवसाय, न्याय, फौज अशा सर्व अंगांची माहिती त्याने पद्धतशीर गोळा केली. तथापि त्या माहितीमागे हिशेबनिसाची दृष्टी आहे. दरबाराचा खर्च त्याला दिसतो तो कमी करावयाची बाब म्हणून. आपल्या इतिहासकारांनी हा अहवाल आकड्यांसाठी भरपूर वापरला, पण त्यातील ही दृष्टी मात्र क्वचितच तपासली.

मराठा राजवाडा म्हणजे केवळ राजाचे निवासस्थान नव्हे. तो कारखान्यांचा समूह असतो. हत्तींसाठी पीलखाना, घोड्यांसाठी पागा, रत्ने व वस्त्रे यांसाठी जामदारखाना, बिछायती-तंबूंसाठी फरासखाना, शस्त्रांसाठी शिलेखाना, स्वयंपाकासाठी मुदपाकखाना आणि वेळेची व अधिकाराची द्वाही फिरविणारा नगारखाना अशी ही रचना असते. प्रत्येक कारखान्यास दारोगा, कारकून आणि नोकर असतात आणि त्यांची घरे बहुधा वाड्याच्या आसपासच्या पेठांत असतात. नागपुरात लाखाहून अधिक वस्ती असताना या कारखान्यांवर अवलंबून असलेला समाज लहान नव्हता. विणकर, सोनार, सुतार, माहूत, मशालजी अशा अनेकांचा चरितार्थ वाड्याशी जोडलेला होता. राजवाड्याचा इतिहास या अर्थाने लिहावयाचा झाल्यास १८५४ नंतरचे दीड वर्ष त्याच्या केंद्रस्थानी यावे लागते.

तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्र व दत्तक न ठेवता निवर्तले. रेसिडेंट मॅन्सेल याचे मत राज्य पूर्णपणे खालसा करण्याच्या विरुद्ध होते. गव्हर्नर जनरलच्या मंडळातील लो यानेही आपले मतभेद लेखी नोंदविले. डलहौसीने ते मानले नाहीत आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. येथपर्यंतची हकिकत सर्व पाठ्यपुस्तकांत येते. खासगी मालमत्तेविषयीचा निर्णय मात्र फारसा चर्चिला जात नाही. राण्यांना योग्य ती भांडी, दागिने, सामान ठेवून बाकीच्या मालमत्तेचे पैसे करावे आणि त्यांतून भोसले घराण्याच्या हितासाठी एक फंड उभारावा, असे डलहौसीचे म्हणणे होते. भाषा दयाळू आहे. पण त्या दयेचा अर्थ असा की, घरातील वस्तू घरात राहणार नाहीत. त्या विकल्या जातील आणि त्यांच्या जागी व्याज येईल. हत्ती, घोडे, बैल नागपुरात लिलावाने विकले गेले आणि जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. पीलखाना, पागा, जामदारखाना हे कारखाने असे एकामागून एक बंद झाले. इमारतीस धक्काही लागला नाही.

या प्रसंगाचे सर्वाधिक प्रसिद्ध वर्णन जॉन के याच्या शिपायांच्या युद्धाच्या इतिहासात आहे. राज्य घेतल्यापेक्षा या विक्रीनेच वऱ्हाडात व आजूबाजूच्या प्रांतांत अधिक वाईट ग्रह झाला, असे आपल्या कानी आल्याचे के नमूद करतो. सामान हलविले तर वाड्यास आग लावीन, अशी धमकी घराण्यातील एका वृद्ध राणीने दिल्याचेही त्याने लिहिले आहे. सामान हलविण्यात आले.

केच्या इतिहासाचा पहिला भाग १८६४ साली प्रसिद्ध झाला. नागपुरात नोकरी केलेला आणि भोसल्यांच्या बाजूने लिहिणारा इव्हान्स बेल याचे हिंदुस्थानातील साम्राज्याविषयीचे पुस्तकही १८६४ चेच. आणि राजवाडा जळाला तोही १८६४ मध्ये. योगायोग इतका नेटका आहे की कोणाही कथाकाराला मोह पडावा. राणीची धमकी आणि आग यांत दहा वर्षांचे अंतर आहे, एवढी गोष्ट विसरली की काउड्रीच्या शापासारखीच एक कथा तयार होते. परंतु तिच्या वाटेत तथ्ये आडवी येतात. त्या वेळी वाड्यात वयाने व मानाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बाकाबाई १८५८ मध्ये निवर्तल्या होत्या. शिवाय १८५७ साली त्यांनी उठावास साथ दिली नव्हती, उलट इंग्रजांस अनुकूल भूमिका घेतली होती. घराण्याला पुढे जी मान्यता मिळाली आणि दत्तक जानोजींना देऊरचे राजेबहाद्दर हा किताब मिळाला, त्यामागे ही भूमिका होती. सूडाच्या अग्नीची कथा या बाकाबाईंवर लादणे म्हणजे त्यांच्या राजकीय शहाणपणाचा अपमान करणे होय. प्रस्तुत लेखकास ती धमकी निराळ्या अर्थाने महत्त्वाची वाटते. हे सामान राज्याचे नसून आमचे आहे, असा तो मालकीचा दावा होता. अर्ज, विनंत्या आणि मध्यस्थ थकल्यानंतर मालकी सिद्ध करण्याचा शेवटचा उपाय म्हणजे वस्तू नष्ट करण्याचा अधिकार सांगणे. इंग्रज इतिहासकाराने त्यात दुःखाचा उद्रेक पाहिला आणि आपल्या लेखकांनी स्त्रीसुलभ संताप पाहिला. त्यात कायद्याची भाषा कोणी वाचली नाही.

याच काळातील आणखी एक घटना येथे नोंदविणे आवश्यक वाटते. मध्यप्रांताची निर्मिती १८६१ साली झाली, नागपूर त्याची राजधानी ठरले आणि १८६३ मध्ये येथे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याचे नाव अजब बंगला असे ठेवले. प्रांतातील दगड, प्राणी, शस्त्रे, नाणी, कोरीव लेख यांना तेथे क्रमांक आणि चिठ्ठ्या मिळाल्या. जतन करण्याजोगे काय आहे हे ठरविणारी संस्था शहरात उभी राहिली त्याच्या दुसऱ्याच वर्षी शहरातील सर्वांत मोठे लाकडी कोरीवकाम आगीत गेले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा हेतू नाही. मात्र एका राजधानीचे दुसऱ्या राजधानीत रूपांतर होत असताना कोणत्या वस्तू प्रदर्शनीय ठरल्या आणि कोणत्या केवळ शिल्लक राहिल्या, हे यावरून दिसते.

मराठीतील इतिहासलेखनाकडे वळल्यास या विषयावरील पायाभूत काम यादव माधव काळे यांचेच आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. बखरीचे संपादन आणि इंग्रजी कागदपत्रांचा शोध अशी त्रिविध कामगिरी एका माणसाने केली आणि तीही विद्यापीठीय साहाय्याचा फारसा आधार नसताना. आजच्या संशोधकाने त्यांच्यावर टीका करताना थोडे संकोचावे, इतके हे काम मोठे आहे. तथापि त्यांच्या इतिहासाचा कणा राजकीय आहे. राजा, लढाई, तह, वारस या क्रमाने तो चालतो आणि राज्य संपताच कथा संपते. त्यामुळे १८५४ नंतरचे घर इतिहासाबाहेर पडते. राज्य नसलेले राजघराणे हा काळ्यांच्या पिढीच्या दृष्टीने इतिहासाचा विषय नव्हता. 'घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात' ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. येथे ती इतिहासकारांनाही लागू पडते.

शनिवारवाड्याच्या बाबतीत चित्र वेगळे का दिसते, हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या बांधकामास १६,११० रुपये लागल्याचा आकडा आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पेशव्यांचे दप्तर टिकले, गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० नंतर त्याचे ४५ खंड प्रसिद्ध केले, वाड्याची जागा उकरून चौक आणि कारंजी मोकळी करण्यात आली. तरी तेथेही लोकस्मृतीवर पगडा आहे तो १७७३ मधील नारायणरावांच्या खुनाच्या कथेचा. भरपूर कागद उपलब्ध असूनही दंतकथा वरचढ ठरते. नागपुरात तर घरचे कागद कमी, अवशेष कमी, आणि दंतकथाही पुरेशी रुजलेली नाही. या तिसऱ्या उणिवेबद्दल वस्तुतः समाधान मानावे. येथे अभ्यासकाला कथेचे ओझे उतरवून ठेवावे लागत नाही.

अशा स्थितीत राजवाड्याचा इतिहास लिहिण्याची वाट लिलावाच्या कागदांतून जाते, असे वाटते. विक्रीसाठी यादी करावी लागते आणि यादी करणारा कारकून प्रत्येक खोलीत जातो. हौदा, पालखी, समया, गालिचे, शस्त्रे, पूजेची उपकरणी यांची मोजदाद करताना, हे राज्याचे की राण्यांचे, असा प्रश्न त्याला प्रत्येक वस्तूपाशी सोडवावा लागतो. घर उभे असताना बखरकाराला जे लिहिण्याजोगे वाटले नाही, ते घर मोडणाऱ्याला लिहावे लागले. भोसला फंडासंबंधीचा पत्रव्यवहार, राण्यांचे अर्ज, त्यांवरील शेरे, नेमणुकांच्या याद्या आणि कारखान्यांतील नोकरांना दिलेला निरोप हे सारे राजवाड्याच्या वास्तुइतिहासाचेच साधन मानले पाहिजे. रेसिडेन्सीच्या प्रकाशित खंडांचे वाचनही याच दृष्टीने पुन्हा करता येईल. आजवर त्यांत आपण तह आणि फौजा शोधल्या. त्याच पानांवर दरबारी खर्चाची कपात, नगारखान्याचा मान, सणावारांचा खर्च अशा बाबी कोणत्या कारणाने उपस्थित झाल्या आणि त्यांवर कोणी आक्षेप घेतला, हे पाहिल्यास वाड्याच्या आतील व्यवस्था हळूहळू आकार घेईल. त्याबरोबरच महाल व शुक्रवारी भागांतील जुन्या वाड्यांचे खांब, तुळया, कणी आणि दरवाजे यांचे मोजमाप घेतले जावे. राजवाड्याचे सुतार त्याच शहरात राहत होते आणि त्यांचे हात एकाच घरापुरते थांबलेले नसणार. ही घरे एकेक करून पाडली जात आहेत आणि त्यांतील सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे वजनाच्या भावाने जाते.